खांबांची संख्या दगड ठरवतो

पेडण्यातल्या केरीत किनाऱ्यावरचा खडक जांभा, वरचा सडा जांभा आणि घरांच्या भिंतींतले चिरेही जांभ्याचेच. पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठल्याही जुन्या घराचे राजांगण पाहा, खांबांवरची आडवी तुळई लाकडाची असते. जांभ्याची का नाही?

दोन टेकूंवर ठेवलेली तुळई स्वतःच्या वजनानेही वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाब दगड मजेत सोसतो; ताण मात्र त्याला दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाही झेपत नाही. म्हणून भेग खालून, मध्यावर सुरू होते. शिवाय जाडी तीच ठेवून खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर तुळईच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. लाकूड ताण सोसते. सच्छिद्र जांभ्याचे तसे नाही. डिचोली तालुक्यातल्या हरवळ्याच्या लेण्यांत कारागिरांनी तोच जांभा कोरला, पण वरचा खडक पेलायला जाड चौकोनी खांब राखूनच.

तांबडी सुर्लचे महादेव मंदिर बाराव्या-तेराव्या शतकातले, कदंबकालीन. तांबड्या मातीच्या मुलखात ते काळ्या बेसॉल्टमध्ये उभे आहे. हा दगड जांभ्यापेक्षा कितीतरी बळकट, तरीही मंडपातले खांब जवळजवळच आहेत. मधल्या चार खांबांवर कमळाचे छत आहे. अशा छतांमागची जुनी युक्ती मला फार मोलाची वाटते: चौकाच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा ठेवत उघडी जागा लहान करत न्यायची, म्हणजे शेवटच्या शिळेला थोडेच अंतर ओलांडावे लागते. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप 48 खांबांचा. त्याच्या छताच्या मधोमध गोल जागा उघडीच आहे. इजिप्तमधल्या कर्नाकच्या दालनात 134 खांब आहेत. तिथे राजवैभव आहेच, पण तेवढे खांब नसते तर दगडी छत टिकलेच नसते.

मग खांब वाढवत गेले की झाले? तसेही नाही. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात संगमरवरी खांबाची हकिकत दिली आहे. दोन्ही टोकांना आधार देऊन तो आडवा ठेवला होता. खबरदारी म्हणून कोणीतरी मध्ये तिसरा आधार सरकवला. काही महिन्यांनी खांब नेमका त्या आधारावरच मोडला. टोकाचा एक आधार कुजून खचला होता, मधला मात्र पक्का राहिला होता. त्यामुळे ताण खालून वर गेला.

आपल्याकडे जीर्णोद्धारात सभामंडप मोकळा व्हावा म्हणून जुने खांब काढतात आणि भेगाळलेल्या तुळईखाली घाईने टेकू लावतात. दोन्हींत धोका आहे. आपल्या देवळाच्या किंवा घराच्या खांबाला हात लावण्याआधी जुन्या बांधकामांची जाण असलेल्या अभियंत्याकडून भार कुठून कुठे उतरतो ते तपासून घ्या.