निळा ड्रॅगन : अधिवास, आहार आणि उसनी संरक्षणव्यवस्था

प्रस्तावना :
कवचहीन सागरी गोगलगायी त्यांच्या आकर्षक रंगांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी बहुतेक समुद्रतळावर सरपटतात. ‘निळा ड्रॅगन’ म्हणून ओळखली जाणारी ग्लॉकस अटलांटिकस ही जाती मात्र खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगत जगते. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीत सहभागी असलेले निसर्गअभ्यासक जॉर्ज फॉर्स्टर यांनी १७७७ मध्ये तिचे वर्णन केले. अंगावर कवच नाही व लपण्यास आडोसाही नाही, अशा स्थितीत हा प्राणी कसा तग धरतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अधिवास व रंग :
उष्ण व समशीतोष्ण महासागरांत आढळणाऱ्या या प्राण्याची लांबी साधारणतः ३ सें.मी. असते. हवा गिळून ती जठरात साठविल्यामुळे तो उलटा तरंगतो. पोटाकडील निळी बाजू आकाशाकडे, तर पाठीची रुपेरी बाजू पाण्याकडे राहते. त्यामुळे वरून पाहणाऱ्या पक्ष्यांना तो निळ्या पाण्यात व खालून पाहणाऱ्या माशांना उजळ पृष्ठभागात सहज दिसत नाही.

आहार व संरक्षण :
फायसेलिया हे त्याचे प्रमुख भक्ष्य होय. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येणारे ‘ब्लूबॉटल’ ते हेच. फायसेलियाच्या शुंडकांत विषारी दंशकोशिका असतात. ग्लॉकस त्यांतील न फुटलेल्या दंशकोशिका पचवीत नाही. पचनग्रंथीच्या शाखांमार्फत त्या शरीराच्या दोन्ही बाजूंच्या बोटांसारख्या उपांगांत पोहोचतात व टोकांवरील सूक्ष्म पिशव्यांत साठविल्या जातात. थॉम्पसन व बेनेट यांनी १९६९ मध्ये या साठवणीचा संरक्षणासाठी होणारा उपयोग दाखवून दिला. म्हणजेच हे शस्त्र ग्लॉकसने निर्माण केलेले नसून भक्ष्याकडून मिळविलेले असते.

प्रजनन :
हा प्राणी उभयलिंगी आहे. मीलनानंतर दोन्ही प्राणी अंडी घालतात. अंड्यांच्या माळा अनेकदा खाल्लेल्या भक्ष्याच्या तरंगत्या अवशेषांवर चिकटविल्या जातात.

निष्कर्ष :
लपविणारा रंग व उसने विष या दोहोंवर निळ्या ड्रॅगनचे अस्तित्व अवलंबून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेनमधील ग्वार्दामार देल सेगुरा येथे हे प्राणी आढळल्याने समुद्रस्नानास काही काळ बंदी घालण्यात आली होती. दंशकोशिका प्राणी मृत झाल्यावरही कार्यक्षम राहू शकतात. म्हणून किनाऱ्यावरील अभ्याससहलीत असा प्राणी आढळल्यास त्याचे निरीक्षण व छायाचित्रण अवश्य करावे. परंतु विद्यार्थ्यांना तो नमुना म्हणून हाताने उचलू देऊ नये.