इवलासा रणगाडा

पेटीच्या झाकणावर एक प्रचंड रणगाडा धूळ उडवीत चाललेला असतो. त्याच्या तोफेतून ज्वाळा बाहेर पडत असतात. पेटी उघडली म्हणजे मात्र रणगाडा कोठेच दिसत नाही. हाती येतात त्या प्लास्टिकच्या दोन-तीन चौकटी, त्यांच्या दांड्यांना घोसासारखे लगडलेले शंभराच्या घरातले तुकडे आणि चित्रांचा एक कागद. कागदावर शब्द जवळजवळ नसतातच. केवळ आकडे आणि बाण. अशा तुकड्यांतून रणगाड्याची प्रतिकृती जोडण्याचा छंद जगभर लहानथोरांना आहे आणि त्यांतील बहुतेकांची पहिली प्रतिकृती थोडीफार बिघडलेलीच असते. ती का बिघडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

शर्मन या अमेरिकन रणगाड्याचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने असे 49,000 च्या आसपास रणगाडे बांधले. 1945 च्या आरंभी ब्रह्मदेशातील मैक्तिला शहर जिंकून घेताना भारतीय रिसाले याच रणगाड्यांतून लढले. 1965 साली पंजाबात असल उत्तर येथे झालेल्या लढाईतही ‘डेक्कन हॉर्स’ या रिसाल्याजवळ सुधारलेले शर्मन होते. खरा शर्मन सुमारे 5.8 मीटर लांब, वजनाने 30 टनांच्या आसपास आणि आत पाच माणसे बसतील एवढा असतो. पेटीवर 1/72 असे प्रमाण छापलेले असेल, तर त्याची प्रतिकृती जेमतेम 8 सेंटिमीटर लांब होते. हे प्रमाण विचित्र वाटते खरे. पण फूट आणि इंच यांच्या हिशेबाने ते सोपे आहे. सहा फूट उंचीचा माणूस या मापात बरोबर एक इंच भरतो.

आता अडचण लक्षात येईल. माणूसच जेथे एक इंचाचा, तेथे त्याच्या हाताची मूठ ती केवढी! रणगाड्याच्या दिव्याचा तुकडा मोहरीच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. नवशिका तो चिमट्यात जोराने धरतो, चिमटा किंचित तिरपा होतो आणि तुकडा टणकन उडून जमिनीवर कोठेतरी दिसेनासा होतो. म्हणून जाणते लोक मेजावर पांढरे कापड अंथरतात आणि वेळ येईपर्यंत एकही तुकडा चौकटीपासून सुटा करीत नाहीत. सुटा करतानाही तो हाताने पिळून तोडावयाचा नसतो. तसे केल्यास तुकड्याच्या कडेचा लचकाच निघतो. बारीक पक्कडीने दांडीशी थोडी जागा राखून कापावे, मग उरलेला खुंट पात्याने, पाते बोटांपासून दूर नेत, हळूहळू तासावा आणि काचकागदाने घासावा.

सर्वांत मोठा घोटाळा गोंदाचा असतो. हा गोंद म्हणजे कागद चिकटविण्याची खळ नव्हे. प्रतिकृतीचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन जातीचे असते आणि गोंदातील द्रव ते चक्क विरघळवितो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होऊन घट्ट होतात. येथे चिकटविणे नाही, सांधणे आहे. त्यामुळे गोंद जेवढा जास्त, तेवढा सांधा बळकट, हा नवशिक्याचा समज पार उलटा ठरतो. जास्तीचा गोंद फटीतून बाहेर येतो आणि पृष्ठभागावर पसरतो. तो पुसण्यासाठी बोट लावले, की मऊ झालेल्या प्लास्टिकवर त्या बोटाचा ठसा कायमचा उमटतो. शत्रूच्या गोळ्याला दाद न देणाऱ्या चिलखतावर कुणाच्या तरी अंगठ्याच्या रेषा! पातळ गोंद वापरावयाचा तर तुकडे आधी जागेवर धरावेत आणि कुंचल्याचे टोक केवळ फटीला टेकवावे. दिव्याच्या वातीत तेल चढते तसा गोंद आपोआप फटीत शिरतो. या द्रवाची वाफ नाकाला चांगली नाही. काम करताना खिडकी उघडी हवी.

शर्मनला प्रत्येक बाजूला सहा चाके असतात, दोन-दोनच्या तीन जोड्यांनी बसविलेली. एक चाक केसभर वर राहिले, तरी सगळा रणगाडा पाय मोडलेल्या पाटासारखा डुगडुगतो. गोंद ओला असतानाच प्रतिकृती सपाट काचेवर ठेवावी आणि सर्व चाके काचेला टेकतात की नाही ते पाहावे. मग तिला दिवसभर हात लावू नये. यातच बहुतेकांचा धीर सुटतो.

चाकांवरून फिरणारा पट्टा तर आणखी हट्टी. खऱ्या रणगाड्याचा लोखंडी पट्टा स्वतःच्या भारानेच चाकांवर टेकतो. जुन्या धर्तीच्या संचांत तो मऊ, लवचीक प्लास्टिकचा असतो. त्याला भार कसला? मापे 72 पटींनी कमी झाली, की वजन 72 पटींनी नव्हे, तर 72 गुणिले 72 गुणिले 72, म्हणजे पावणेचार लाख पटींच्या जवळपास कमी होते. शिवाय या मऊ प्लास्टिकवर नेहमीचा गोंद चालत नाही आणि रंगही टिकत नाही. त्याची टोके तापवलेल्या पेचकसाने वितळवून जोडण्याची पद्धत होती. मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय ते करण्याच्या भरीस पडू नये.

तोफेची नळी अनेक संचांत उभ्या दोन भागांत येते. जोडल्यावर मधोमध रेघ दिसते. ती घालविण्यासाठी नवशिका काचकागद एकाच बाजूने घासत सुटतो आणि नळी गोल राहण्याऐवजी चपटी होते.

रंगाच्या वेळी पुन्हा प्रमाणाचाच प्रश्न येतो. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या रणगाड्यावर तो सात मिलिमीटरांचा लेप ठरेल. खिळ्यांची डोकी, झाकणांच्या खाचा, सारे त्याखाली बुजून जाते. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात आणि प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो. वाळल्यावर काळपट तपकिरी रंगाचे अगदी पातळ पाणी खाचांत सोडले, की त्या खोल दिसतात. जवळजवळ कोरडा कुंचला फिक्या रंगाने उंचवट्यांवर फिरविला, की कडा उठून दिसतात.

शेवटी पांढरे तारे आणि आकडे. ते पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवावयाचे असतात. खरखरीत रंगावर ते बसविले तर खाली हवा कोंडते आणि ताऱ्याभोवती चंदेरी डाग दिसतो. आधी चकचकीत वार्निशाचा एक हात दिला, तर ही पीडा टळते.

अंगठ्याच्या ठशावर मात्र इतका सोपा उपाय नाही. काचकागदाने तो पूर्ण गेला नाही, तर जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात. युद्धातील सैनिक आपल्या शर्मनच्या अंगावर गुंडाळलेली ताडपत्री, वाळूची पोती, पट्ट्याचे सुटे दुवे असे कितीतरी सामान बांधीत. पातळ कागद खळीत भिजवून त्याची गुंडाळी करावी, हिरवट रंगवावी आणि रणगाड्याच्या कुशीला बरोबर त्या ठशावर बसवावी.