शाळेच्या हॉलमध्ये ठरणारा उमेदवार

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म. तो कुणाला द्यायचा हे श्रेष्ठी ठरवतात आणि इच्छुक अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत फोनकडे डोळे लावून बसतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे साधे मतदार निवडतात हे कॉलेजात असताना वाचलं, आणि तेव्हापासून नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपेक्षा तिच्या आधीच्या महिन्यांतच माझा जीव अडकला. त्यातही आयोवा राज्यात.

सांगाडा थोडक्यात सांगतो. राज्याराज्यांत प्रायमरी होते, म्हणजे मतपत्रिकेवर मतदान. किंवा कॉकस, म्हणजे पक्षाने बोलावलेली मतदारांची सभा. त्यातून उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ते उमेदवारीवर शिक्कामोर्तब करतात. डेमोक्रॅट मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटतात, पण १५ टक्क्यांखाली काहीच नाही. रिपब्लिकनांकडे काही राज्यांत पहिला येणारा सगळे प्रतिनिधी घेऊन जातो. १९६८ पर्यंत खरा निर्णय पुढाऱ्यांच्याच हातात होता. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले आणि अधिवेशन चालू असताना शिकागोच्या रस्त्यांवर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना पोलिसांचा मार खावा लागला. मग जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमून नियम बदलले गेले.

त्या बदलातूनच आयोवा पुढे आलं. तिथली निवड चार पायऱ्यांची: वस्ती, काउंटी, काँग्रेसचा मतदारसंघ आणि राज्य. नव्या नियमांनुसार दोन पायऱ्यांमध्ये पुरेसे दिवस सोडणं भाग होतं, म्हणून पहिली सभा मागे मागे सरकत २४ जानेवारी १९७२ वर आली आणि आयोवा देशात पहिलं ठरलं. त्याचं मोल ओळखलं ते जिमी कार्टर यांनी. जॉर्जियाचे हे माजी गव्हर्नर बाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ते आयोवात समर्थकांच्या घरी मुक्काम करत हिंडले. १९७६ मध्ये त्यांना सुमारे २८ टक्के मिळाले. ‘अजून कुणीच नाही’ म्हणणारे सुमारे ३७ टक्के होते! तरी वर्तमानपत्रांनी विजयी ठरवलं कार्टरना, आणि पुढच्या जानेवारीत ते व्हाइट हाउसमध्ये होते.

१ फेब्रुवारी २०१६ च्या संध्याकाळी मी आयोवातल्या डी मॉइनमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये निरीक्षकांच्या खुर्चीत बसलो होतो. डेमोक्रॅटांची सभा होती. एका भिंतीशी हिलरी क्लिंटन यांचे लोक, समोर बर्नी सँडर्स यांचे, आणि बास्केटबॉलच्या जाळीखाली मार्टिन ओमॅली यांचे मूठभर. मोजणी तोंडी: एकेक जण हात वर करून आकडा म्हणतो आणि हात खाली घेतो. ओमॅलींचे १५ टक्के भरले नाहीत. मग त्यांच्या समर्थकांना आपल्या गटात वळवायला दोन्ही भिंतींकडून शेजारीपाजारी आले. कुणी कॉलेजच्या फीबद्दल बोललं, कुणी आरोग्यविम्याबद्दल. एका आजोबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि काठी टेकत सँडर्सकडे गेले. राज्यात क्लिंटन पाव टक्क्याने पुढे राहिल्या. काही सभांमध्ये शेवटचा प्रतिनिधी कुणाचा हे नाणं उडवून ठरवावं लागलं.

या पद्धतीवरचे आक्षेप मला मान्य आहेत. रात्रपाळीची नर्स सभेला येऊ शकत नसे, मत गुप्त राहत नसे, आणि बहुसंख्य गोऱ्या आयोवाने देशाची दिशा का ठरवावी, हा प्रश्न रास्तच आहे. २०२० मध्ये निकाल कळवायचं ॲप कोलमडलं आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. तरी शेजाऱ्याला समोरासमोर कारण सांगून मत देणं मला लोकशाहीचं फार वरच्या दर्जाचं रूप वाटतं.

मतदाराने तयारी करावी ती त्या आजोबांसारखी: पहिल्या पसंतीबरोबर दुसरीही मनात हवी. पहिला उमेदवार आपल्या राज्याची पाळी येण्याआधीच माघार घेतो, हे नेहमीचं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनची माझी भाची नागरिक झाल्यावर तिने विचारलं, “मामा, नाव नोंदवलं, आता पुढे काय?” आधी पक्षाचं पाहा, म्हटलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पक्षाची नोंद नसेल तर प्रायमरीत उमेदवार निवडता येत नाही. न्यू जर्सीत नोंद नसलेल्याला मतदान केंद्रावरच पक्ष निवडता येतो. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. मग नमुना मतपत्रिका नीट वाच. तिथे अनेक काउंट्यांत पक्षसंघटनेच्या पसंतीची नावं एका ओळीत छापत आणि बाकीची बाजूला पडत. मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही मांडणी थांबवली.

“पण मामा, आमची प्रायमरी जूनमध्ये, तोवर सगळं ठरलेलं असतं ना?” राष्ट्राध्यक्षपदाचं बहुधा ठरलेलं असतं. २०२४ मध्ये बायडेन आणि ट्रम्प दोघांनीही मार्चमध्येच पुरेसे प्रतिनिधी मिळवले होते. पण त्याच मतपत्रिकेवर सिनेट आणि प्रतिनिधिगृहाचे इच्छुकही असतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची लढत नावापुरतीच होती. खरा निकाल ऑगस्टच्या प्रायमरीत लागला, आणि गर्दीच्या त्या लढतीत एक तृतीयांशाहून कमी मतं त्यांना पुरली.