किरमिजीतला कृमी

मराठीत रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांची एक वही मी बरीच वर्षे ठेवली आहे. तिच्यात दोनच रकाने : ‘आपले’ आणि ‘परके’. ‘किरमिजी’ हा शब्द मी निःशंकपणे दुसऱ्या रकान्यात लिहिला होता.

तो फारसी-अरबीच्या वाटेने आला, हे खरेच. अरबीत ‘किर्मिझ’ म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर जगणारा एक कीटक. अंड्यांनी भरलेल्या त्याच्या माद्या खरवडून, वाळवून लाल रंग काढीत. स्पॅनिश ‘कार्मेसी’ आणि इंग्रजी ‘क्रिमझन’ हे शब्द त्यातूनच निघाले. पण या नावाच्या मुळाशी किडाच आहे. फारसीत किड्याला ‘किर्म’ म्हणतात आणि तो आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊ. कित्येक कोश तर ‘किर्मिझ’ची व्युत्पत्ती थेट संस्कृत ‘कृमिज’पर्यंत नेतात.

इतरत्रही हेच दिसते. ‘व्हर्मिलियन’ हा शब्द लॅटिन ‘व्हर्मिक्युलस’, म्हणजे लहान किडा, यावरून आला. पुढे तो हिंगुळाला चिकटला. पोलिश भाषेत लाल म्हणजे ‘चेर्व्होनी’. त्याच्याही पोटात किडाच.

ग्रीकांना मात्र फांदीवरची फुगीर मादी दाण्यासारखी दिसली. त्यांनी तिला ‘कोक्कोस’, म्हणजे बी, म्हटले. १५२१मध्ये मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिशांनी तिथल्या निवडुंगावरच्या रंगकिड्यालाही ‘ग्राना’, म्हणजे दाणा, हेच नाव दिले. स्थानिक नाहुआ लोक त्याला ‘नोचेझ्त्ली’, म्हणजे निवडुंगफळाचे रक्त, म्हणत. हा दाणा की प्राणी, हा युरोपातला वाद अठराव्या शतकाच्या आरंभी लेवेनहुकच्या सूक्ष्मदर्शकाने मिटवत आणला. ‘किर्मिझ’ या नावात मात्र किडा शतकानुशतके होताच.

उलट दिशेचा प्रवासही आहे. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृत ‘लक्खा’, मराठी ‘लाख’. हीसुद्धा किड्याचीच देणगी. पायाला लावायचा अळिता तिच्यापासूनच होई. हाच शब्द पश्चिमेकडे गेला आणि युरोपीय चित्रकारांच्या एका रंगप्रकाराचे नाव ‘लेक’ झाले. तिथे तो कुणाला परका वाटत नाही.

वहीतल्या ‘किरमिजी’वर मी आता काट मारली आहे. पण तो ‘आपले’मध्येही लिहिला नाही, कारण मग फारसी-अरबी रंगाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे ऋण पुसले गेले असते. मधोमध तिसरा रकाना आखला. आता पहिल्या दोन रकान्यांतले शब्द एकेक करून पुन्हा तपासतो आहे, आणि तिसराच भरत चालला आहे.