जुना जालना, नवा जालना आणि एक ई-मेल

कंपनीचं नाव बदललं, डोमेन बदललं, कार्डं नवी छापली. मस्त! पण जुन्या अ‍ॅड्रेसवर मेल टाकणाऱ्यांचं काय?

ड्रॉवरमधला जुन्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जरा बाहेर काढा. कुणाच्या कार्डावर व्हीएसएनएलचा ई-मेल, कुणाच्या संचारनेटचा, तर कुणाच्या रेडिफमेलचा. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलनं आपल्याकडे सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. 2002 मध्ये ती कंपनी टाटांकडे गेली आणि 2008 मध्ये तिचं नावही बदललं. पण वाटलेली कार्डं कुणी परत मागवली का? नाही! ई-मेलचा अ‍ॅड्रेस एकदा दिला की तो समोरच्याच्या डायरीत, मोबाइलमध्ये नाहीतर एक्सेल शीटमध्ये जाऊन बसतो. तो तिथून खोडणं आपल्या हातात नसतं.

डोमेन बदलण्याचा हा मामला आता घरोघरी पोचलाय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट 'बँक डॉट इन' या डोमेनवर न्यायला सांगितलं. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे नकली साइट ओळखणं सोपं व्हावं हा उद्देश. वेबसाइटचं एक बरं असतं. जुना पत्ता टाइप केला तरी माणसाला आपोआप नव्या साइटवर नेता येतं. ई-मेलचं तसं नाही. तिथे जुन्या दारावर आलेलं टपाल घ्यायला कुणीतरी हजर असावं लागतं, नाहीतर मेल सरळ परत!

मुनीमजींचा प्रश्न

मी मूळचा जालन्याचा, नोकरी पुण्यात आयटीमध्ये. म्हणजे गावाकडे कुणाचाही कॉम्प्युटर अडला की फोन मलाच! मध्यंतरी ओळखीतल्या एका सळईच्या व्यापाऱ्यांनी भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. नवं नाव, नवा लोगो, नवं डोमेन. शेठजींचं म्हणणं एकदम क्लिअर होतं, "आता जुनं बंद करून टाका. दोन-दोन कशाला पाळायचे?"

मुनीमजी मात्र कॅश काउंटरवरूनच म्हणाले, "भैया, बीड-परभणीचे डीलर तर जुन्याच मेलवर ऑर्डर टाकतात ना. त्यांना कोण सांगणार?"

बॉस, अख्खा विषय या एका प्रश्नात आला! जुना अ‍ॅड्रेस आपला असतो तो फक्त कागदोपत्री. वापरतात तो दुसरेच लोक.

फंडा सिम्पल आहे

जालना शहराचे कुंडलिका नदीमुळे दोन भाग पडतात, एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना. नवा झाला म्हणून जुना कुणी पुसला नाही. ई-मेलचंही असंच करायचं.

प्रत्येक डोमेनची इंटरनेटवर एक नोंद असते, एमएक्स रेकॉर्ड. 'आमचं टपाल अमुक सर्व्हरवर द्या' एवढंच ती सांगते. जुन्या आणि नव्या, दोन्ही डोमेनच्या नोंदी एकाच मेल सर्व्हरकडे वळवायच्या आणि त्या सर्व्हरला सांगायचं की ही दोन्ही नावं आमचीच. झालं! मेल कुठल्याही नावानं येवो, इनबॉक्स एकच. याला म्हणतात एलियस. गूगल वर्कस्पेसमध्ये युजरला नव्या डोमेनवर नेलं की त्याचा जुना अ‍ॅड्रेस एलियस म्हणून आपोआप टिकतो.

इथे एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो, 'जुन्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावून टाका'. तो टाळा. फॉरवर्ड झालेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून न येता भलत्याच सर्व्हरवरून येतो. मग एसपीएफच्या तपासणीत तो नापास होऊ शकतो आणि थेट स्पॅममध्ये पडतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू या तपासण्यांबाबत जास्तच कडक झालेत. म्हणूनच नव्या डोमेनवरून पहिला मेल पाठवण्याआधी त्याचे एसपीएफ आणि डीकेआयएम रेकॉर्ड लावून घ्यायचे.

आणि स्विच करताना मधेच काही गडबडलं तर? टेन्शन नको. सर्व्हर बंद मिळाला तर पाठवणारा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

खरा धोका पुढेच

सगळं सुरळीत झालं की वर्षभरानं कुणीतरी म्हणतं, 'जुनं डोमेन रिन्यू कशाला करायचं?' गाडी इथेच घसरते. मुदत संपलेलं डोमेन काही काळानं बाजारात मोकळं होतं आणि कुणीही ते विकत घेऊ शकतं. मग तुमच्या नावानं येणारा प्रत्येक मेल त्याच्याकडे! डीलरची ऑर्डर त्याच्याकडे, जुन्या अ‍ॅड्रेसवर उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करायचे मेलही त्याच्याकडे. आणि तो त्याच ओळखीच्या अ‍ॅड्रेसवरून डीलरला लिहू शकतो, 'आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट इथे करा.' सळईच्या एका ट्रकचे पैसे लाखांत असतात. डोमेन सांभाळण्याचा वर्षाचा खर्च त्यापुढे चहापाण्याचा! शिवाय डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेऊन ठेवता येतं.

आमच्या केसमध्ये आणखी एक गंमत निघाली. जुनं डोमेन कंपनीच्या नावावर नव्हतंच! कधीकाळी वेबसाइट करून दिलेल्या मुलाच्या नावावर होतं. फोनाफोनी करून त्याला गाठलं आणि आधी ते कंपनीच्या नावावर करून घेतलं. बाकीचं काम त्यानंतर.

डीलरना कळवायचं काम मुनीमजींनी फोनवरून केलं आणि प्रत्येकाला बजावलं, "मेल बदलला आहे, खातं नाही. खातं बदललं म्हणून मेल आला तर आधी मला फोन करा."

तुमच्या ऑफिससाठी चेकलिस्ट

• डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे सगळ्यात आधी बघा.
• जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ, बँक... जिथे जिथे जुना ई-मेल नोंदवलाय, त्याची यादी करा. जुना चालू असतानाच तिथे नवा टाका, कारण ओटीपी जुन्यावरच येऊ शकतो.
• उत्तर देताना नवा अ‍ॅड्रेस वापरा. समोरच्याच्या मोबाइलमध्ये तो हळूहळू आपोआप बसतो.
• जुन्या अ‍ॅड्रेसवर कोण कोण लिहितंय, ते दर महिन्याला बघा आणि त्यांना फोन करा.
• मेल येणं थांबलं तरी जुनं डोमेन सोडू नका.

नवं डोमेन घेताना ऑफिसात केक कापला जातो. जुन्याची रिन्यूअलची तारीख मात्र कुणालाच पाठ नसते. सोमवारी ऑफिसला गेलात की आधी तेवढी विचारा!