जड पाणी आणि मृदू पाणी

बदलीच्या नोकरीत नव्या गावाची पहिली खरी ओळख तेथील पाणी करून देते. चंदीगडला आमचे बिऱ्हाड लागले त्या आठवड्यात कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळीचा दाणा दाणा वेगळा राहिला. "पाणी जड आहे रे इथलं," आईने निकाल दिला. रसायनशास्त्राचा निकालही तोच आहे.

चंदीगडच्या नळांना पाणी दोन ठिकाणांहून येते. एक भाक्रा कालव्याचे, कजौलीहून आणलेले. दुसरे शहरातील खोल कूपनलिकांचे. जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. मग साबणाचा फेस न होता चोथा होतो, बंबात पुटे चढतात आणि डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य कॅल्शियममुळे घट्ट होऊन बसते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे. दुसरे पाणीच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यावा असे ते मानक सांगते. असे पाणी पिणे अपायकारक नव्हे. त्रास आहे तो मुख्यतः भांड्यांना, कपड्यांना आणि बंबाला.

पाणी मृदू करण्याचे घरगुती यंत्र म्हणजे राळेच्या बारीक मण्यांनी भरलेली टाकी. हे मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात सोडतात. मण्यांची शक्ती संपली की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. याचा अर्थ असा की यंत्र पाण्यातून काही काढून टाकीत नाही, अदलाबदल करते. विक्रेता पुष्कळदा 'शुद्ध पाणी' म्हणतो. पण जंतू या यंत्राने मरत नाहीत, हे ध्यानात असावे.

लाभ उघड आहेत. साबण कमी लागतो आणि बंबाची तार लवकर जळत नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजू मला आईमुळे तपासावी लागली. तिला रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलेले. ३०० मिलिग्रॅम जडपणा पूर्णपणे घालविला, तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायले तर चारशेच्या वर! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्याचा पाचवा हिस्सा नुसत्या पाण्यातून. धडधाकट माणसाला त्याचे फारसे काही नाही, पथ्य पाळणाराला आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. मणी धुतलेले खारे पाणी गटारात जाते. चंदीगडमध्ये सांडपाणी शुद्ध करून त्यातील काही भाग बागांना देतात, आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने मीठ निघत नाही. घरोघरी यंत्रे झाली तर ते मीठ कोठे मुरेल, हे सांगायला नको.

आम्ही यंत्र घेतले, पण ते केवळ न्हाणीघराच्या व बंबाच्या नळाला जोडले. स्वयंपाकघराच्या नळाला हात लावू दिला नाही. डाळीसाठी आई पाणी आधी खळखळून उकळते, निवू देते आणि तळाचा पांढरा साका न हलविता वरचे ओतून घेते. उकळून सगळा जडपणा जात नाही, पण डाळ शिजण्यापुरता जातो. ते पातेले मात्र आठवड्याला चिंचेने घासावे लागते.