शब्द परत येतात, तास मिळाले तर

लकवा मारला की घरचे आधी हात-पाय पाहतात. मालिश, व्यायाम, काठी. माणूस ओसरीपर्यंत चालू लागला की तो बरा झाला, असे गाव धरून चालते. पण पक्षाघाताच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांची भाषाही त्याच झटक्यात ढासळते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डावी बाजू करते आणि उजवे हात-पायही तीच चालवते. म्हणून उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाचे बोलणे तपासलेच पाहिजे. भाषा ढासळण्याच्या या अवस्थेला वाचाघात म्हणतात. जीभ हलते, कान ऐकतात, माणसे ओळखू येतात. पण शब्द सापडत नाही, किंवा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही. यावर उपचार आहे. तो महागड्या यंत्रांवर अडलेला नाही, प्रशिक्षित माणसाच्या तासांवर अडलेला आहे. आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ते तास देणे हे जिल्हा रुग्णालयाचे नेमून दिलेले काम असायला हवे.

पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील इजा दाखवली, तेव्हापासून या आजाराचा अभ्यास चालू आहे. खरे कसब मात्र वाचा-उपचारतज्ज्ञाच्या टेबलावर दिसते. बैलाचे चित्र समोर ठेवले आणि नाव आले नाही, तर तज्ज्ञ लगेच शब्द सांगत नाही. आधी थांबतो. मग विचारतो: हा कुठे बांधतात, काय ओढतो, काय खातो? अर्थाच्या वाटेने शब्द आला नाही तर अपुरे वाक्य देतो, 'गाडीला जुंपला…'. मग पहिला ध्वनी, 'बै…'. आणि अगदी शेवटी पूर्ण शब्द, तोही रुग्णाकडून म्हणवून घेण्यासाठी. पुढच्या खेपेला मदत एक पायरी कमी होते. शब्द कोणत्या पायरीवर सुटला, याची नोंद हेच प्रगतीचे मोजमाप. मदत लवकर दिली तर शोधण्याचा सराव होत नाही, उशिरा दिली तर रुग्ण खचतो. हा नेमका क्षण ओळखायला शिक्षण लागते. स्वतःचे नाव सांगता न येणारा माणूस कधी कधी शेगावच्या गजानन महाराजांची आरती सुरात म्हणतो, कारण पाठ झालेले, लयीत बसलेले शब्द वेगळ्या मार्गाने येतात. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या अमेरिकी संशोधकांनी 1973 मध्ये सुरावर आधारलेली उपचारपद्धती मांडली ती याच निरीक्षणावरून. पण आरती येते म्हणजे मनातले सांगता येते, असे नव्हे. 'मुद्दाम बोलत नाही' हा घरच्यांचा आरोप इथूनच निघतो आणि तो रुग्णावर अन्याय करतो.

हे काम स्थानिक बोलीतच करावे लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातल्या शेतकऱ्याने शेताच्या चित्राला 'वावर' आणि बटाट्याला 'आलू' म्हटले तर त्याचे उत्तर बरोबर आहे. 'मला'ऐवजी 'मले' म्हणणे ही आजाराची खूण नाही. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. या भाषेचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि ती बोलणारे कोरकू, हिंदी किंवा मराठीही बोलतात. वाचाघातानंतर माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच परत येतील असे नसते. घरात काय बोलतात, बाजारात काय बोलतात, हे विचारूनच उपचार सुरू करावा लागतो. म्हणून तज्ज्ञ जिल्ह्यात रुळलेला हवा.

कायदा याबाबत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत 1983 पासून वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, ती अली यावर जंग यांच्या नावाने ओळखली जाते. तरी जिल्हा पातळीवरची रचना पाहिली की फट दिसते. वाचा-उपचाराचे पद येते ते 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. किंवा बहिरेपणाच्या कार्यक्रमात, म्हणजे कानासाठी. साठीतला, नीट ऐकू येणारा, शब्द हरवलेला शेतकरी या दोन्ही चौकटींत बसत नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात संग्रामपूरहून किंवा लोणारहून आठवड्यातून दोनदा शहर गाठायचे तर सोबत एक कमावता माणूस लागतो. दोन खेपांचा खर्च आणि बुडालेली मजुरी मोजली की बहुतेक घरे उपचार सोडून देतात.

यावर पहिला आक्षेप असा की घरच्यांनीच सराव करून घ्यावा. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीने 2017 मध्ये दाखवले की पक्षाघातानंतरचे पुनर्वसन कुटुंबावर सोपवल्याने मृत्यू वा परावलंबन घटले नाही. ती चाचणी भाषेपुरती नव्हती, पण माणूसबळाच्या टंचाईवर घरच्यांचा उतारा पुरेल, ही आशा तिने मोडली. घरच्यांची जागा वेगळी आहे: हळू बोलणे, हो-नाहीचे प्रश्न विचारणे, वाक्य मध्येच न तोडणे. हे तज्ज्ञाने शिकवले तर संवाद सुधारतो. दुसरा आक्षेप, पहिल्या काही महिन्यांत जे यायचे ते आपोआप येते, पुढे उपयोग नाही. त्याच 2017 मध्ये जर्मनीतल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेले रुग्ण तीन आठवड्यांच्या सघन उपचाराने सुधारले. अनेक देशांतल्या चाचण्यांची माहिती एकत्र करून 2022 मध्ये झालेल्या विश्लेषणात सर्वाधिक लाभ एकूण 20 ते 50 तासांच्या उपचाराशी जोडलेला दिसला. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. पण 20 ते 50 तास हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. पहिली तपासणी समोरासमोर, पुढचा काही सराव तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून व्हिडिओ कॉलवर, असे केले तर एका तज्ज्ञाचे तास कितीतरी घरांपर्यंत जातील. बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. तिथे प्रौढांसाठी वाचा-उपचाराचे स्वतंत्र पद असावे, आणि लकव्याच्या प्रत्येक रुग्णाच्या सुट्टीच्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्यांखाली भाषेच्या तपासणीचा निकाल आणि पुढची तारीख लिहिलेली असावी.